साडेतीन पानं

(स्नेहमेळाव्याच्या तयारीसाठी शाळेच्या सभागृहात झालेल्या पहिल्या बैठकीत स्मरणिकेच्या संपादिकेने केलेलं भाषण)



मला विषय दिला गेला आहे तो 'स्मरणिकेसाठी आवाहन'. म्हणजे लेख पाठवा, फोटो पाठवा, जाहिराती मिळवा. दोन मिनिटांचं काम. पण माईक हातात आला की सोडायचा नाही ही आपल्या तुकडीची जुनी सवय, तेव्हा थोडा वेळ घेणार आहे. मी एका माहितीपटाबद्दल बोलणार आहे. त्याचा आपल्या स्मरणिकेशी काय संबंध, ते शेवटी कळेल. नाही कळला तर चहा आहेच.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी तीसेक वर्षं एका मासिकाच्या संपादकीय विभागात काढली. प्रुफं वाचली, पानं लावली, दिवाळी अंकांचे फर्मे मोजले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या धंद्यावरचा सिनेमा आहे, बघ." ती फॅशन डिझाइन शिकते. तिने लॅपटॉपवर लावून दिला 'द सप्टेंबर इश्यू'. दिग्दर्शक आर. जे. कटलर, साल २००९. न्यूयॉर्कच्या 'व्होग' या फॅशन मासिकाचा सप्टेंबर २००७ चा अंक कसा तयार झाला, त्याची ही हकीकत. मी मनात म्हटलं, फॅशनचं मासिक आणि माझा धंदा? कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी! पण बाहेर पाऊस होता, वीज होती, बसले बघत.

पंधरा मिनिटांत मी सरसावून बसले. आपल्याकडे दिवाळी अंक, तसा त्यांचा सप्टेंबरचा अंक. वर्षातला सगळ्यात जाड, सगळ्यात जास्त जाहिरातींचा, ज्याच्या जिवावर वर्षाचा हिशेब जुळतो तो. आपण ऐन उन्हाळ्यात दिवाळीचे विषय ठरवतो, तसे ते लोक उन्हाळ्याच्या आधीच थंडीचे कोट निवडत असतात. या २००७ च्या अंकाची पानं होती ८४०. मी लगेच हिशेब केला, सोळा पानांचा फर्मा धरला तर साडेबावन्न फर्मे! आमचा दिवाळी अंक पंधरा फर्म्यांचा झाला की बाइंडर कपाळाला हात लावायचा. अंकाचं वजन सुमारे दोन किलो, आणि सातशेहून जास्त पानं नुसत्या जाहिरातींची. आमच्या जाहिरात विभागाच्या साहेबांना ते बघून रडू आलं असतं.

आणखी एक गंमत सांगते. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. त्याच १९०९ साली काँडे नास्ट या गृहस्थांनी 'व्होग' विकत घेतलं आणि त्याला आजचं रूप येऊ लागलं. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. पण वर्षातून एकदा वाचकासमोर भरगच्च ताट वाढायचं, ही हौस दोन्हीकडे सारखीच.

आता माणसांकडे येते. या माहितीपटात मुख्य दोन बायका आहेत. एक संपादिका अ‍ॅना विंटूर. आमच्या घरात हे नाव प्रथम ऐकल्यावर यजमान आतल्या खोलीतून म्हणाले, "कोण अण्णा?" तर या अ‍ॅनाबाई १९८८ पासून २०२५ पर्यंत अमेरिकन 'व्होग'च्या संपादिका होत्या. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका मुलीने पुढे 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' ही कादंबरी लिहिली आणि त्यातली खाष्ट संपादिका म्हणजे याच, असं जगाने ठरवून टाकलं. कापलेले सरळ केस, डोळ्यांवर काळा चष्मा, मोजकं बोलणं.

दुसरी ग्रेस कॉडिंग्टन. त्याच काळात, १९८८ मध्येच, ती अमेरिकन 'व्होग'मध्ये आली. तांबडे मोकळे केस, अंगात काळे साधे कपडे. वेल्समधल्या अँगलसी बेटावर १९४१ साली जन्मलेली. लहानपणी 'व्होग'चे अंक मागवून त्यातल्या चित्रांत हरवून जायची. पुढे मॉडेल झाली, मोटारच्या अपघातात डोळ्याच्या पापणीला जबर इजा झाली, आणि नंतर कॅमेऱ्यासमोरून ती कॅमेऱ्याच्या मागे आली. कुठले कपडे, कुठली जागा, कसला प्रकाश, मुलगी कशी उभी राहील, हे सगळं ती ठरवते. फोटो दुसरा कुणीतरी काढतो, पण ते चित्र तिच्या डोक्यातलं असतं. सुरुवातीला तिला हा माहितीपट नकोच होता, कॅमेरावाल्यांना ती जवळ येऊ देत नव्हती. आणि शेवटी लक्षात राहते तीच.

त्या कार्यालयात एक भिंत आहे. अंकाच्या सगळ्या पानांच्या छोट्या प्रती तिच्यावर क्रमाने लावलेल्या. आम्हीही डमी लावायचो, फक्त आमची टेबलावर मावायची. अ‍ॅनाबाई त्या भिंतीसमोर उभ्या राहतात, बघतात आणि एखादं पान काढायला सांगतात. आरडाओरडा नाही, भाषण नाही. चार दिवस राबून, प्रवास करून, शंभर माणसं जमवून काढलेलं चित्र एका वाक्यात अंकाबाहेर. १९२० च्या दशकाच्या धर्तीवर ग्रेसने एक अप्रतिम चित्रमालिका केलेली असते, स्टीव्हन माइझेल या छायाचित्रकाराकडून. जुन्या काळचा धूसर उजेड, तसे कपडे, तशा टोप्या. त्यातलीही चित्रं कमी होतात. ग्रेस चिडते, कॅमेऱ्यासमोर मन मोकळं करते, कॉरिडॉरमधून एकटी निघून जाते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागते.

माझ्या मुलीला अर्थातच ग्रेसचा कळवळा आला. "किती दुष्ट आहे ही संपादक!" मी गप्प राहिले. कारण मी आयुष्यभर भिंतीच्या त्याच बाजूला उभी होते. ८४० पानांचा असो की ८० पानांचा, अंकात जागा ठरलेली असते. एक पान आत घ्यायचं तर एक बाहेर जातं. हा माहितीपटही तसाच झाला आहे. तीनशे तासांहून जास्त चित्रण केलं आणि आपल्याला दिसतं दीड तासाचं. पान काढणारा दुष्ट असतोच असं नाही, हे मी मुलीला समजावणार होते. पण तोंडातून शब्द फुटेना. मला आपली नववी आठवली.

मंडळी, आता आपल्या शाळेत येऊ. १९८२-८३ चं हस्तलिखित आठवतंय? अक्षर बरं म्हणून मराठीच्या बाईंनी मला संपादक केलं होतं. एकच प्रत, कार्डशीटचे कागद, बोरूने लिहिलेली शीर्षकं. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण चित्रं काढायची. ती आज इथे आहे. सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. ती म्हणाली, "सांग, पण नाव घेऊ नकोस, नाहीतर गिऱ्हाइकं चिडवतील." तेव्हा नाव सांगत नाही. जे ओळखतील त्यांनी मागे वळून बघू नये.

तिचे वडील शिंपी. बाजारपेठेत पायमशीन टाकून बसायचे. तिने हस्तलिखितासाठी चार पानं आणली. विषय काय, तर गुरुवारच्या बाजारात आलेल्या बायका लुगडं कशा नेसतात! शेतातून थेट आलेल्या बाईचा घट्ट कासोटा आणि वर खोचलेल्या निऱ्या. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाईचा मोठा ओचा आणि पायघोळ नेसण. भाजी विकणाऱ्या आजीचं पोटरीपर्यंतचं लुगडं आणि खाली तिचे भेगाळलेले पाय. डोक्यावर पाटी घेतलेली बाई पदर कसा खोचते ते. आणि तिने नुसती चित्रं काढली नव्हती. वडिलांच्या मशीनखाली पडलेल्या खणाच्या चिंध्या आणून चित्रातल्या चोळ्यांच्या जागी चिकटवल्या होत्या. हात लावला की खण हाताला लागायचा.

मी काय केलं? चारांतलं एक पान ठेवलं. तीन काढली. तिला कारण दिलं नाही. दिलंच असतं तर सांगितलं असतं की चिंध्यांमुळे पानं जाड होतात, बाइंडिंग बसत नाही. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. मला लाज वाटली होती. 'विज्ञान : शाप की वरदान' या निबंधाशेजारी लुगड्यांची चित्रं? पाहुणे काय म्हणतील? कपडे म्हणजे नटवेपणा, त्यात कसला आलाय विचार, अशी माझी तेव्हाची समजूत. त्या माहितीपटाच्या अगदी सुरुवातीला अ‍ॅनाबाई नेमकं हेच सांगतात, की फॅशनला लोक बिचकतात आणि बिचकतात म्हणून तिला नावं ठेवतात. पुढे त्या सांगतात की आपल्या भावंडांना आपल्या कामाची गंमत वाटते. ते सांगताना त्यांचा चेहरा जरासा उतरतो. जगभरचे शिवणकारखाने जिच्या पसंतीकडे डोळे लावून बसतात, त्या बाईलाही घरी कुणी फारसं मनावर घेत नाही. नववीतली मी त्या भावंडांच्या पंगतीत बसले होते.

संमेलनाच्या दिवशी हस्तलिखित टेबलावर मांडलं होतं. ती आली, एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मला म्हणाली, "तुझं अक्षर छान आलंय." एवढंच. ती तीन पानं मी वर्गातल्या कपाटावर ठेवली आणि विसरले. सुट्टीनंतर ती तिथे नव्हती. दहावीत ती माझ्याच बाकावर बसली, डबाही आम्ही वाटून खाल्ला, पण मी पुन्हा कधी तिला चित्र काढताना पाहिलं नाही. नंतर मी पुण्याला गेले, तिचं लग्न झालं. अधूनमधून कुणाच्या लग्नात भेट व्हायची, "कशी आहेस, बरी आहे" इतकीच.

माहितीपट संपला आणि मी तिला फोन केला. रात्रीचे दहा वाजले होते. म्हटलं, "तुला आठवतंय का गं, मी तुझी तीन पानं काढली होती?" पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, "तीन नाही, साडेतीन. ठेवलेल्या पानावर सुविचार लिहायला जागा हवी म्हणून तू खालचा भाग कापलास. आजीचे पाय गेले."

ते मी साफ विसरले होते! कापणारा विसरतो. ज्याचं कापलं जातं, त्याच्याकडे माप असतं.

पुढच्या आठवड्यात ती घरी आली. आता तिचं स्वतःचं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे, पाच मशीन, तीन मुली कामाला. आम्ही दोघींनी मिळून 'द सप्टेंबर इश्यू' पुन्हा पाहिला. मुलगी मध्येमध्ये थांबवून इंग्रजी समजावून सांगत होती, पण हिला फारशी गरज लागली नाही. मी माणसांचे चेहरे बघत होते, ही बाह्यांचा कट बघत होती. ग्रेस गुडघ्यावर बसून एका झग्याचा घेर नीट करते, तिथे ही म्हणाली, "हिला कापड कळतं." आणि अ‍ॅनाबाईंबद्दल मी विचारलं तर म्हणाली, "बाई कडक आहे, पण तोंडावर सांगते. कापताना हात कचरला तर कापड वाया जातं, ते मला माहीत आहे. पण कापायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं असतं."

मी तीस वर्षं संपादन केलं, पण मला कुणी हे इतक्या कमी शब्दांत शिकवलं नव्हतं.

त्या दोघी बायका इतकी वर्षं एकमेकींबरोबर कशा टिकल्या, याचं उत्तर मला तिथे मिळालं. भांडण लपवलेलं नाही. एकीने काढलं, ते दुसरीला माहीत आहे. दुसरी रागावली, ते पहिलीला माहीत आहे. आणि माहितीपटाच्या शेवटाकडे अ‍ॅनाबाई ग्रेसच्या प्रतिभेबद्दल बोलतात, तेव्हा तो शिष्टाचार वाटत नाही. आपण काय काढलं, त्याची किंमत त्यांना ठाऊक आहे. मी मात्र न बघता काढलं होतं.

अजून एक प्रसंग सांगते आणि आटोपतं घेते. रंगीबेरंगी कपड्यांच्या एका विषयाचे फोटो आधी पसंत पडत नाहीत. अंक बंद व्हायला थोडे दिवस उरले असताना ते पुन्हा काढायचं काम ग्रेसकडे येतं. ती काय करते, तर हा माहितीपट चित्रित करणाऱ्या कॅमेरामनलाच चौकटीत ओढते. मॉडेल उडी मारते आणि समोर हे बॉब रिचमन नावाचे गृहस्थ, चांगलं सुटलेलं पोट, हातात कॅमेरा, तेही उडी मारतात. फोटो झकास येतो. अ‍ॅनाबाईंना तो आवडतो, पण त्या पोटावरून शेरा मारतात आणि फोटोतलं ते पोट दुरुस्त करून आत घ्यायचं ठरतं. ग्रेसला कळतं तशी ती फोन उचलते आणि बजावते की पोटाला हात लावायचा नाही. मॉडेल निर्दोष आहेत तेवढं पुरे, सगळ्यांनीच तसं असायची गरज नाही, असं तिचं म्हणणं. आणि पोट राहतं! ८४० पानांत, जिथे मोठमोठ्यांची चित्रं गेली, तिथे एका कॅमेरामनचं पोट टिकलं. कारण त्याच्या बाजूने वेळेवर बोलणारं कुणीतरी होतं.

आता आवाहन. माझ्याकडे १६० पानं आहेत, म्हणजे दहा फर्मे, त्यातली चाळीस जाहिरातींना जातील. तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत तर सगळं मावणार नाही, हे आजच सांगते. मी कापणार आहे. पण या वेळी तीन गोष्टी ठरवल्या आहेत.

एक. ज्याचा मजकूर कमी होईल त्याला छपाईच्या आधी माझा फोन येईल. दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच. कारण सांगेन, तुम्ही भांडा. पटलं तर ठेवेन, नाही पटलं तर कापेन, पण तुम्हाला माहीत असेल.

दोन. जे वगळलं जाईल ते कपाटावर राहणार नाही. त्याची वेगळी फाइल होईल आणि ती मेळाव्याच्या दिवशी टेबलावर असेल, सगळ्यांना बघायला.

तीन. विषय हलका की भारी, हे मी ठरवणार नाही. कुणी परदेशातल्या नोकरीबद्दल लिहा, कुणी किराणा दुकानाबद्दल. पोळ्या लाटण्याबद्दल लिहिलंत तरी चालेल. आणि फोटो आजचे पाठवा, पोटासकट. दुरुस्त करणार नाही!

राहता राहिली माझी मैत्रीण. तिला मी स्मरणिकेसाठी चार पानं मागितली आहेत. गुरुवारचा बाजार अजून भरतो, पण नऊवारीतल्या बायका आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ती गेले दोन गुरुवार तिथे जाऊन बसते आहे, वही घेऊन. कालच तिचा फोन आला. म्हणाली, "एक आजी सापडली. पायांपासून सुरुवात केली आहे. या वेळी सुविचार दुसऱ्या पानावर लिही."

लिहीन. मजकूर महिनाअखेरपर्यंत पाठवा. चहा तयार आहे.